झुरळांना चार फुटी टाकी कशाला?

पत्र:

ताई, नमस्कार. मी शाहूपुरीत राहतो, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. घरी दोन ऑस्कर मासे आहेत. त्यांच्या खाण्यासाठी पुण्याच्या एका मित्राकडून ड्युबिया झुरळं (पाळीव प्राण्यांना खायला घालण्यासाठी वाढवतात ती जात) आणली, ७ नर आणि १८ माद्या. आता माशांपेक्षा झुरळांकडे बघण्यातच जास्त वेळ जातो, म्हणून त्यांची नीट पैदास करायची ठरवलंय. सध्या ती एका बरणीत आहेत. माशांची जुनी काचेची टाकी रिकामी पडून आहे, ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. मोकळी जागा मिळाली तर ती जोमानं वाढतील असं मला वाटतं. मोठा भाऊ म्हणतो, एवढ्याशा किड्यांना बिस्किटाचा डबा पुरे. नेमकी केवढी पेटी लागते? पुढे हिसिंग झुरळंही घ्यायची आहेत, ती यांच्यातच ठेवली तर चालतील का? आणि आईला काय सांगू? तिचा या सगळ्यालाच विरोध आहे.

– एक कीटकवेडा, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर:

टाकी नको, आणि बिस्किटाचा डबाही नको. तुमच्या २५ झुरळांसाठी ३५ ते ४० लिटरचा, झाकणाचा, आतून गुळगुळीत असा प्लास्टिकचा स्टोरेज बॉक्स आणा. साधारण ४५ सेंटिमीटर लांब, ३२ रुंद आणि ३० उंच. गडद रंगाचा मिळाला तर तोच घ्या, कारण ड्युबियाला उजेड नकोसा असतो. बरणीतून त्यांना आजच बाहेर काढा. बरणीत हवा खेळत नाही आणि ओल साचते.

मोकळी जागा दिली की जनावर खूश, हा हिशोब गाई-म्हशींना लागू पडतो, झुरळांना नाही. झुरळ अंग चोरून बसणारा जीव आहे. पोटाला आणि पाठीला एकाच वेळी काहीतरी टेकलेलं असलं की ते निर्धास्त असतं. ड्युबिया दिवसभर एकमेकांना चिकटून, अंधाऱ्या फटीत, थरावर थर अशी बसतात. तुम्ही त्यांना ४ फुटांची टाकी दिलीत तरी ती एका कोपऱ्यात वीतभर जागेत जमतील. उरलेल्या टाकीत तुम्ही टाकलेलं गाजर कुजत पडेल आणि तुम्हाला ते दोन दिवसांनी दिसेल. गर्दी त्यांना नुसती चालते असं नाही, लागते. घरात सापडणाऱ्या जर्मन झुरळांवरच्या अभ्यासांत दिसलंय की एकटं वाढवलेलं पिल्लू गटातल्या पिल्लांपेक्षा सावकाश मोठं होतं.

म्हणून पेटीचं माप काढताना तळाची लांबी-रुंदी मोजू नका. झुरळांना बसायला एकूण पृष्ठभाग किती मिळतो, तो मोजा.

अंड्यांच्या दुकानात ३० अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे मिळतो, तो साधारण ३० बाय ३० सेंटिमीटरचा असतो. कोरडा, अंडं न सांडलेला ट्रे मागून घ्या आणि मधोमध कापा. ३० बाय १५ चे दोन तुकडे होतील. हे अर्धे ट्रे आडवे रचायचे नाहीत, उभे करायचे, पाठीला पाठ लावून, म्हणजे मधे पोकळ खोपे तयार होतात. उभे केल्यामुळे लेंड्या खोप्यांत न साठता खाली तळाला पडतात. अशा अर्ध्या ट्रेच्या दोन्ही बाजू धरल्या तर ९०० चौरस सेंटिमीटर जागा होते, खळग्यांचा उतार सोडूनच. मी सांगितलेल्या बॉक्समध्ये असे सहा तुकडे आरामात बसतात आणि एका टोकाला खाण्या-पिण्यासाठी मोकळी जागाही राहते. सहा तुकड्यांचे झाले ५४०० चौरस सेंटिमीटर.

आता तुमच्या टाकीचा तळ मोजा. १२० गुणिले ४५, म्हणजे तेवढेच ५४००. जी टाकी हलवायला दोन माणसं लागतात, तिच्या तळाइतकी जागा तुम्ही काखोटीला मारून नेता येईल अशा बॉक्समध्ये बसवलीत.

त्या जागेत किती झुरळं राहतील? पूर्ण वाढलेलं ड्युबिया साधारण साडेचार सेंटिमीटर लांब आणि अडीच रुंद असतं, म्हणजे एकाला ११ चौरस सेंटिमीटर लागतात. निम्मी जागा रिकामी सोडायची असं धरलं तर २०० ते २५० मोठी झुरळं मावतात. मी २०० वर थांबेन. बारकी पिल्लं असतील तर आकडा आपोआप बराच वर जातो, पण बारकी पिल्लं बारकी राहत नाहीत.

उंचीबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ड्युबियाला गुळगुळीत भिंतीवर चढता येत नाही, पुठ्ठ्यावर मात्र ते सरसर चढतं. ट्रे १५ सेंटिमीटरचे आणि बॉक्स ३० चा, म्हणजे वर १५ सेंटिमीटर स्वच्छ प्लास्टिक उरलं पाहिजे. अख्खा ट्रे उभा केलात तर त्याचं टोक थेट झाकणाला लागेल आणि झाकण उघडल्याबरोबर नर तुमच्या मनगटावर येतील. जुन्या माशांच्या टाकीत आणखी एक अडचण आहे. पाण्याच्या क्षाराचे पांढरे डाग काचेवर राहिलेले असतात, त्या खरखरीत डागांवर पिल्लांचे पाय टिकतात. प्लास्टिकवरही धूळ आणि सुकलेल्या खाण्याचे ओघळ साठले की हेच होतं, तेव्हा वरची पट्टी आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करा.

भावाचा बिस्किटाचा डबा का नको, तेही सांगते. ड्युबियाची मादी अंडी बाहेर टाकत नाही. ती अंड्यांची कुपी पोटातच उबवते आणि थेट जिवंत पिल्लं देते, एका वेळी साधारण २० ते ३०. उबदार हवेत दोन वेतांमध्ये दोन ते अडीच महिने जातात. तुमच्या १८ माद्यांचा नुसता पहिला हप्ता धरला तरी ३६० ते ५४० पिल्लं होतात. सगळ्या माद्या एकदम विणार नाहीत, काही पिल्लं मरतील, काही ऑस्करच्या पोटात जातील. तरीही चार ते सहा महिन्यांत ही पहिली पिल्लं मोठी होऊन स्वतः प्रजेला लागतात आणि तिथून गणित तुमच्या हाताबाहेर जाऊ शकतं. एक तपासणी आधी करा: १८ च्या १८ माद्याच आहेत ना? नराला पाठभर लांब पंख असतात, मादीला खांद्याशी नुसते आखूड खुंट, आणि ज्याला काहीच नाही ते अजून पिल्लूच, अंगानं कितीही मोठं दिसो. सात नर तुम्हाला जास्तच आहेत. तीन ते पाच माद्यांमागे एक नर पुरतो. नर फार झाले की एकमेकांना ढुसण्या देतात आणि पंख कुरतडतात. दोन नर खुशाल ऑस्करना द्या.

बॉक्स भरला हे आकड्यांपेक्षा झुरळंच आधी सांगतात. दिवसाउजेडी पिल्लं ट्रेच्या बाहेर हिंडायला लागली, नरांचे पंख फाटके दिसू लागले, झाकण उघडताच नाकाला झोंबणारा उग्र वास आला किंवा आतल्या भिंतीला दव धरलं, तर जागा संपली. अशा वेळी मोठा बॉक्स आणू नका. त्याच मापाचा दुसरा आणा आणि निम्मे ट्रे, त्यावरच्या झुरळांसकट, उचलून तिकडे ठेवा. दोन लहान बॉक्स एका मोठ्यापेक्षा केव्हाही बरे. एकात बुरशी शिरली किंवा मुंग्या लागल्या तरी दुसरा शाबूत राहतो. एक विणीचा आणि एक माशांना खायला काढायचा, अशी वाटणीही करता येते. आणि तुम्ही शाहूपुरीत राहता. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तुमच्या भागातल्या सखल गल्ल्यांत पाणी शिरलं होतं. तशी वेळ आली तर दोन बॉक्स दोन हातांत घेऊन वरच्या मजल्यावर जाता येतं, काचेची टाकी घेऊन नाही.

कोल्हापुरात पेटीच्या मापाइतकीच महत्त्वाची आहे तिची खिडकी. परदेशातले पाळणारे झाकणाला चार भोकं पाडायला सांगतात, कारण त्यांच्याकडे हिवाळ्यात हीटरमुळे हवा कोरडी पडते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे चार भोकांनी काय होणार? झाकणाचा निदान एक तृतीयांश भाग कापून तिथे जाळी बसवा, आणि एका आखूड भिंतीला, वरच्या पट्टीत, दुसरी लहान खिडकी ठेवा, म्हणजे हवा आरपार जाईल. जाळी स्टीलचीच हवी. खिडकीला लावतो ती डासांची नायलॉनची जाळी झुरळं कुरतडतात. भोकं एक मिलिमीटरपेक्षा बारीक पाहिजेत, कारण नुकतं जन्मलेलं पिल्लू जेमतेम चार-पाच मिलिमीटरचं आणि चपटं असतं. जाळी हॉट ग्लूनं चारी बाजूंनी नीट चिकटवा, कोपरा उचललेला राहू देऊ नका. मार्च ते मे हवा कोरडी असते, तेव्हा झाकणाची निम्मी जाळी चिकटपट्टीनं झाका. पाऊस लागला की पट्टी काढून टाका.

पावसाळ्यात पाण्याची वाटी तर अजिबात नको, पिल्लं त्यात बुडून मरतात. गाजर, भोपळा, काकडी यांचे काप हेच त्यांचं पाणी. संध्याकाळी ठेवा, सकाळी उरलेलं काढा. कोरडं खाणं म्हणून कोंबडीचं खाद्य आणि गव्हाचा कोंडा मिसळून एका उथळ झाकणात ठेवा, ते ओलं होऊ देऊ नका. ओलं झालं की त्यावर बारीक पांढऱ्या किडी धरतात आणि एकदा धरल्या की जाता जात नाहीत. मऊ पडलेले ट्रे बदला. तळाच्या लेंड्या मात्र दर आठवड्याला खरवडून काढू नका, पिल्लं त्यातच लपतात आणि त्यातलंच थोडंफार खातातही. बोटभर थर झाला की चाळणीनं चाळा. पिल्लं वर राहतात, भुकटी खाली जाते.

हवेच्या उबेचा आणि पेटीच्या मापाचाही संबंध आहे. ड्युबिया २८ ते ३२ अंशांत सर्वांत छान वितात. २० च्या खाली गेलं की वीण जवळपास थांबते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १४-१५ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा झुरळं एका वाकळेत शिरलेल्या भावंडांसारखी एकाच ट्रेमध्ये दाटीवाटीनं बसलेली दिसतील. लहान बॉक्स उबदार ठेवणं सोपं असतं. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळतो तसा कमी वॉटचा हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) बाहेरून एका भिंतीला लावा, तळाला नको, आणि थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, लावूच नका. चार फुटी टाकी तापवायची तर तेवढीच वीज सगळीकडे फेकावी लागते. मला विचाराल तर दोन महिने वीण मंदावली म्हणून काही बिघडत नाही, हीट मॅट नाही लावला तरी झुरळं जगतात. उन्हाळ्याची काळजी जास्त घ्या. एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला बॉक्स दुपारी भट्टी होतो आणि त्यात सगळी प्रजा एका दिवसात मरते.

कधीतरी ट्रे उचलाल आणि तपकिरी गर्दीत एक झुरळ दुधासारखं पांढरं दिसेल. घाबरू नका, ते आजारी नाही. त्यानं नुकतीच कात टाकलीय. त्या वेळी त्याचं अंग इतकं मऊ असतं की बोटाच्या दाबानंही चेपेल. काही तासांत ते पिवळट होतं आणि मग नेहमीच्या रंगावर येतं. तेवढा वेळ त्याला हात लावू नका, ट्रे जसा होता तसा ठेवून द्या. कात नीट निघायला हवेत ओल लागते. कोरड्या मे महिन्यात कातीत अडकून मेलेली पिल्लं दिसली तर खाण्याच्या टोकाला ओल्या कोकोपीटची लहानशी वाटी ठेवा.

हिसिंग झुरळं यांच्यात ठेवू नका. मादागास्करचं हे झुरळ सात सेंटिमीटरपर्यंत वाढतं, त्याला पंख नसतात आणि ते काच-प्लास्टिकवर सहज चढतं, म्हणजे ड्युबियाच्या बॉक्सचं सगळं गणितच मोडतं. त्याच्या पेटीत भिंतीची उंची तुम्हाला वाचवत नाही, फक्त झाकण वाचवतं. क्लिपचं, घट्ट बसणारं झाकण आणि त्याखाली भिंतीवर दोन-तीन इंचांचा व्हॅसलीनचा पट्टा लागतो. गर्दीचा नियमही वेगळा. नराच्या मानेवर दोन टेंगळं असतात, त्यांनी तो दुसऱ्या नराला ढकलतो, पोटाच्या बाजूच्या छिद्रांतून हवा सोडून फुसकारतो आणि आपली जागा राखतो. तेव्हा इथे तळाला महत्त्व आहे. दहा-बारा हिसिंगना ४५ बाय ३० चा तळ द्या, त्यात दोन किंवा तीनच नर ठेवा आणि नरांच्या संख्येपेक्षा जास्त आडोसे ठेवा, झाडाच्या सालीचे किंवा जाड पुठ्ठ्याचे. यांची वाढ सावकाश असते, पण ती दोन-तीन वर्षं, कधी पाच वर्षंही जगतात. माशांना खायला घालायला नव्हे, पाळायलाच ती घ्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे. ती इथल्याच, आधीपासून पाळणाऱ्या माणसाकडून घ्या. परदेशातून जिवंत कीटक परवान्याशिवाय आणता येत नाहीत, कुरिअरनं मागवायच्या फंदात पडू नका.

आणि तुमच्या त्या टाकीला माझ्याकडे एक काम आहे. थेरिया पेटिवेरियाना हे आपल्या दक्षिण भारतातलं झुरळ, ज्याला जगभर डोमिनो झुरळ म्हणतात. काळ्या पाठीवर ठसठशीत पांढरे ठिपके असलेलं. जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्येच त्याची नोंद केली होती. जगभरचे हौशी लोक ते पाळतात आणि आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. याला ट्रेही नकोत आणि उंच भिंतही नको, याला मातीचा खोल थर हवा. मादी अंड्यांची कठीण कुपी मातीत टाकते, पिल्लं महिनोन्‌महिने मातीतच राहतात आणि मोठं झालेलं झुरळ वर येऊन पाचोळ्यावर फिरतं. म्हणजे काचेतून बघायला याच्यासारखं दुसरं नाही. टाकी धुऊन क्षार काढा, एक तृतीयांश भाग काचेच्या पाटीनं वेगळा करा, त्यात कोकोपीट आणि कुजलेल्या पानांचा ८ ते १० सेंटिमीटर थर घाला, वर सुका पाचोळा आणि जाळीचं झाकण. मोठी झुरळं काही महिनेच जगतात, पण मातीत पुढची पिढी वाढत असते, तेव्हा वर काही दिसेनासं झालं म्हणून टाकी रिकामी करू नका. जीव मात्र पाळणाऱ्याकडूनच घ्या. राधानगरी अभयारण्यातून कुठलाही किडा उचलून आणणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि तुम्ही प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहात.

आता आईचं. त्यांचा विरोध मी हसण्यावारी नेणार नाही. झुरळांच्या लेंड्यांची आणि कातीची भुकटी दम्याला खरोखरच वाईट असते. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर बॉक्स घरात नको, सावलीतल्या गॅलरीत किंवा जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवा. कुणाला त्रास नसला तरी तुम्ही स्वतः चाळताना मास्क लावा आणि ते काम उघड्यावर करा. स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीत बॉक्स ठेवणार नाही, हा शब्द त्यांना आधी द्या. मग सांगा की मोरीतून येणारी झुरळं वेगळी आणि ही वेगळी. ही फरशीवरून भिंतीच्या गुळगुळीत टाइल्सवर चढत नाहीत आणि कपाटामागे अंड्यांच्या कुप्या टाकत नाहीत. पण "सुटली तरी काही होणार नाही" असं सांगू नका, आपली हवा उबदार आहे आणि तशी खात्री कुणी देऊ नये. जास्त झालेली झुरळं रंकाळ्यावर किंवा बागेत सोडायची नाहीत. कोंबड्या पाळणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना द्या, नाहीतर बंद डब्यात घालून एक-दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. त्या फ्रीझरसाठी आईंना विचारावं लागेल.

तुम्हालाही आईंकडे एक मागणं करावं लागेल, ते आजच करा. ज्या खोलीत बॉक्स असेल तिथे डासांचं लिक्विड मशीन, झुरळांचा खडू, फवारा, यातलं काही लावायचं नाही, आणि पेस्ट कंट्रोलवाला येणार असेल तर आदल्या दिवशी तुम्हाला सांगायचं, म्हणजे बॉक्स दोन-चार दिवस मित्राकडे हलवता येतील. मुंग्यांसाठीही खडू नको. बॉक्सखाली चार विटांचे तुकडे ठेवा, प्रत्येक तुकडा पाण्याच्या ताटलीत, आणि ताटलीतलं पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला, नाहीतर त्यात डास होतील.